फाईल कोणत्या टेबलावर आहे? तहसीलमधलं अडलेलं काम तारखांवर कसं हलवायचं

तहसीलच्या व्हरांड्यात दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो: "साहेब, माझं काम कधी होईल?" उत्तरही ठरलेलं असतं: "प्रोसेसमध्ये आहे, पुढच्या बुधवारी या." यात दोष जितका कारकुनाचा, तितकाच प्रश्नाचा. "कधी होईल" याला काहीही सांगता येतं आणि ते पाळलं नाही तर बिघडत काही नाही. त्याऐवजी विचारा, "फाईल आत्ता कोणत्या संकलनात आहे, आणि तिथं कोणत्या तारखेला आली?" (संकलन म्हणजे कार्यालयातलं एकेका विषयाचं टेबल.) या दोन गोष्टी कागदावर आल्या की सरकारी कर्मचाऱ्याला बांधणारे कायदे लागू करता येतात. ते सगळे तारखांवर चालतात. हेलपाटे मोजून त्यातला एकही चालत नाही.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत, राज्य सरकारच्या कोणत्याही कार्यालयात, तीन कायदे कामाला येतात. पहिला 2005 चा, बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा. नाव लांबलचक आहे, बोलताना सगळे 'विलंब कायदा' किंवा 'बदली कायदा' म्हणतात. तो 1 जुलै 2006 पासून लागू आहे. दुसरा माहिती अधिकार, तोही 2005 चा. तिसरा 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. दाखले आणि अधिसूचित सेवा (सरकारने मुदत ठरवून जाहीर केलेल्या) असतील तर लोकसेवा हक्क लावायचा. बाकी कोणताही अर्ज पडून असेल तर विलंब कायदा. आणि कागद कुठं आहे हेच कळत नसेल तर माहिती अधिकार. बरेच जण उलटं करतात. आधी थेट मंत्रालयात तक्रार, तिथून ती टपालाने फिरत फिरत त्याच तहसीलच्या त्याच टेबलावर येते, आणि वर "तुम्ही वर तक्रार केली ना, आता तिकडूनच होईल" हे ऐकावं लागतं.

पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा

सगळ्यात जास्त प्रकरणं इथंच मरतात. अर्ज ओळखीच्या कारकुनाच्या हातात देऊन येऊ नका, आवक शाखेत द्या. दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर तीन गोष्टी घ्या: गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. नुसता शिक्का आणि सही उपयोगाची नाही. आवक नोंदवहीत क्रमांक पडला की तो कागद कोणत्या संकलनाकडे दिला याची नोंद समोरच होते. तिथून तो त्या कारकुनाच्या कार्यविवरण नोंदवहीत चढतो. त्या वहीतला रकाना म्हणजे तुमच्या फाईलचा जन्मदाखला.

"क्रमांक उद्या पडेल" असं सांगितलं तर भांडत बसू नका. पोस्टात जा आणि तोच अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. पाकिटावर विषय लिहा, म्हणजे आत दुसराच कागद होता असं म्हणणं अवघड जातं.

एका अर्जात एकच विषय. वारस नोंद, बांधाचा वाद आणि पीक नुकसानीची मदत एकाच कागदावर लिहिली तर तीन संकलनं तो एकमेकांकडे ढकलतात आणि तिघांचंही म्हणणं बरोबर असतं. गट नंबर, खाते नंबर आणि नाव सातबाऱ्यावर आहे तसंच लिहा. आधारवर 'ज्ञानोबा' आणि सातबाऱ्यावर 'ज्ञानदेव' असेल तर ती गोष्ट तुम्हीच अर्जात नोंदवून सोबत प्रतिज्ञापत्र जोडा, नाहीतर त्रुटीचं पत्र निघायलाच महिना जातो.

प्रतिज्ञापत्रावरून एक खर्च वाचतो. सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने 1 जुलै 2004 च्या आदेशाने माफ केलं आहे. जात, उत्पन्न, रहिवास यांसाठी साधा कागद चालतो. तरीही तहसीलबाहेर "पाचशेचा बॉन्ड लागतो" असं सांगून बॉन्ड विकले जातात. बॉन्ड मागितलाच तर कोणत्या आदेशाने लागतो ते लेखी मागा. बहुतेक वेळा मागणी तिथंच संपते.

सात दिवस, पंचेचाळीस दिवस, तीन महिने

विलंब कायद्याचं कलम 10 पाठ करून ठेवण्यासारखं आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. 'तात्काळ' फाईल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आणि 'तातडीची' फाईल चार दिवसांत निघाली पाहिजे. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर 45 दिवसांत निर्णय, विचारायची गरज असेल तर तीन महिन्यांत.

मोजताना घोळ होतो. सात दिवस कामकाजाचे आहेत आणि 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. समजा 2 जून, सोमवारी अर्ज आवक झाला आणि त्याच दिवशी संकलनात पोचला. 3 ते 6 जून हे चार दिवस, मग शनिवार-रविवार सोडून 9, 10, 11 जून. म्हणजे 11 जून, बुधवारी सात दिवस भरले. मध्ये सार्वजनिक सुट्टी असेल तर एक दिवस पुढे. 9 तारखेलाच "सात दिवस होऊन गेले" म्हणून अर्ज ठोकला तर तुमचंच म्हणणं लंगडं पडतं. शिवाय सात दिवस *एका* टेबलाचे आहेत. फाईल कारकुनाकडून नायब तहसीलदारांकडे गेली की मोजणी नव्याने सुरू. म्हणून प्रत्येक टेबलावरची आली-गेली तारीख हवी.

न्यायप्रविष्ट आणि अर्धन्यायिक प्रकरणांना हे दिवस लागू नाहीत. बांधाचा दावा तहसीलदारांपुढे सुनावणीला असेल तर कलम 10 चा हवाला देऊ नका. तिथं रोजनाम्याची (सुनावणीच्या तारखांच्या नोंदीची) नक्कल काढा आणि पुढची तारीख मागा.

वारस फेरफार: एक प्रकरण जवळून

खातेदार वारला की वारसांनी तीन महिन्यांत कळवायचं असतं, जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 149 प्रमाणे. अर्ज तलाठ्याकडे द्या (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात अजून तलाठीच म्हणतात) किंवा ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाईन करा. ऑनलाईनचा फायदा म्हणजे अर्ज क्रमांक आपोआप मिळतो, पोचेसाठी कुणाचं तोंड बघावं लागत नाही. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची यादी आणि त्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ अ आणि ओळखपत्रं जोडा. यादीत लग्न झालेल्या बहिणींची नावं गाळू नका. नोंद रखडण्याचं आणि पुढे दहा-दहा वर्षं वाद चालण्याचं हे मोठं कारण आहे. "बहिणी हक्कसोड करणारच आहेत" हे कारण चालत नाही. आधी वारस म्हणून नाव, मग हक्कसोड.

तलाठी चौकशी करून गाव नमुना सहा क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत नोंद घेतो. वारस मंजूर झाले की गाव नमुना सहामध्ये फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, धरला जातो आणि संबंधितांना कलम 150(2) ची नोटीस निघते. नोटिशीचे पंधरा दिवस कुणालाच टाळता येत नाहीत. त्या काळात फाईल पडून आहे अशी तक्रार केली तर ती चुकीची ठरते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी, म्हणजे आपल्याकडचा गिरदावर, फेरफार प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. महसूल विभागाच्या 'आपली चावडी' या पानावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की फेरफार क्रमांक आणि हरकतीची शेवटची तारीख दिसते. ती तारीख वहीत लिहून ठेवा. त्यानंतरचा प्रत्येक दिवस टेबलावरचा.

हरकत आली तर प्रकरण सहा अ मध्ये, तक्रारीच्या नोंदवहीत जातं, आणि अशी विवादग्रस्त प्रकरणं निकाली काढायला संहितेत एक वर्षाची मुदत आहे. फेरफार नामंजूर झाला किंवा चुकीचा मंजूर झाला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील. तहसीलदारांना निवेदनं देत बसलात तर हे 60 दिवस निघून जातात आणि मग विलंब माफीचा अर्ज आधी लढवावा लागतो.

आठव्या दिवशीचा अर्ज

सात दिवस उलटले की हा अर्ज द्या. छोटा ठेवा. शिव्या नकोत, "न्याय मिळावा" नको, आत्मदहनाचा इशारा तर मुळीच नको. असा इशारा दिला की प्रकरण पोलीस ठाण्याकडे वळतं आणि मूळ फाईल बाजूला पडते.

> प्रति,
> मा. तहसीलदार, तहसील कार्यालय, (तालुका, जिल्हा)
>
> विषय: आवक क्र. ____, दि. 2 जून च्या अर्जावरील कार्यवाहीबाबत.
>
> महोदय, उपरोक्त अर्ज आपल्या कार्यालयात दि. 2 जून रोजी प्राप्त झाला असून तो ____ संकलनाकडे आहे. विलंब प्रतिबंध कायदा 2005 च्या कलम 10(1) मधील सात कामकाजाचे दिवस दि. 11 जून रोजी पूर्ण झाले आहेत. तरी,
>
> 1) सदर फाईल आज रोजी कोणत्या कर्मचाऱ्याकडे व कोणत्या तारखेपासून आहे ते लेखी कळवावे.
> 2) कागदपत्रांत त्रुटी असल्यास सर्व त्रुटी एकाच पत्राने कळवाव्यात.
> 3) त्रुटी नसल्यास निर्णय घेऊन मला कळवावे.
>
> सोबत: पोचेची छायाप्रत.

दुसरा मुद्दा कधीही गाळू नका. आज एक कागद, पुढच्या बुधवारी दुसरा, हा खेळ त्याच ओळीने थांबतो.

या अर्जावर बहुतेक कामं हलतात, कारण त्यात कर्मचाऱ्याचं नाव आणि तारीख कागदावर येते. तरीही हललं नाही आणि 45 दिवस उलटले (2 जूनचा अर्ज असेल तर 17 जुलै) की पुढची पायरी. हेतुपुरस्सर उशीर किंवा निष्काळजीपणा ही कलम 10(2) प्रमाणे शिस्तभंगाची बाब आहे. अशी गोष्ट सक्षम अधिकाऱ्याच्या निदर्शनास आणली आणि त्याची खात्री पटली, तर 10(3) प्रमाणे पंधरा दिवसांत कारवाई करायची असते, गोपनीय अहवालात नोंद घेणंही त्यात आलं. तहसीलमधल्या कारकुनाबद्दल तक्रार तहसीलदारांच्या नावे आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, तलाठ्याबद्दल असेल तर प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांना. तक्रारीत 'निलंबित करा' असं लिहू नका, ते ठरवणं तुमच्या हातात नाही. 'कलम 10(3) प्रमाणे कार्यवाही करून मला कळवावे' एवढंच पुरेसं आहे.

कागदच सापडत नसेल तर

इथं माहिती अधिकार. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखला जोडा, शुल्क माफ. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रस्तावना नको. "माझं काम का झालं नाही?" असं विचारू नका, 'का' हा अभिलेख (सरकारी नोंद) नाही, उत्तर द्यायला कुणी बांधील नाही. अभिलेखाच्या प्रती मागा:

> माझ्या दि. 2 जून, आवक क्र. ____ च्या अर्जाबाबत: (1) अर्ज ज्या ज्या कर्मचाऱ्याकडे गेला त्यांची पदनामे व फाईल आल्या-गेल्याच्या तारखा, (2) टिप्पणीच्या सर्व पानांची प्रत, (3) कार्यविवरण नोंदवहीतील संबंधित पानाची प्रत, (4) या संकलनाच्या कर्मचाऱ्यास नेमून दिलेल्या कामाच्या वाटपाच्या आदेशाची प्रत.

उत्तर 30 दिवसांत यायला हवं, प्रतीचे दोन रुपये पान. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी वर्ग करणं त्यांचं काम. उत्तर नाही आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, वीस रुपयांचं तिकीट लावून. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठ. आयोगापुढे क्रमांक लागायला बराच काळ जातो, म्हणून सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. खरा उपयोग पहिल्या 30 दिवसांतच असतो: टिप्पणी (फाईलवर कारकून-अधिकारी लिहितात तो शेरा) मागितली की टिप्पणी लिहिली जाते.

याहून सोपा रस्ता फारसा कुणी वापरत नाही. शासनाच्या 26 नोव्हेंबर 2018 च्या निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय व त्याखालच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. वही-पेन घेऊन जा, तारखा उतरवून घ्या.

"फाईल सापडत नाही" म्हणाले तर प्रश्न बदला. सरकारी अभिलेख अ, ब, क, ड वर्गांत ठेवतात: अ कायमचा, ब 30 वर्षं, क 10 वर्षं, क-1 पाच वर्षं, ड एक वर्ष. विचारा की ही फाईल कोणत्या वर्गाची होती, आणि नष्ट केली असेल तर नाश यादीची प्रत द्या. वर्ग अ असेल, किंवा ब असून 30 वर्षं झाली नसतील, तर "सापडत नाही" हे उत्तर टिकत नाही. निजामकाळातले उतारे, खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) शोधताना तर हा प्रश्न हमखास कामी येतो.

दाखल्यांसाठी वेगळी गाडी

उत्पन्न, अधिवास, जात अशा सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहेत. प्रत्येक कार्यालयात सेवा, दिवस, शुल्क आणि पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा द्यायला नेमलेला), प्रथम व द्वितीय अपिलीय अधिकारी यांचा फलक लावणं बंधनकारक आहे. फलकाचा मोबाईलवर फोटो काढा, अपिलात तोच पुरावा. उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवस आहेत, बाकीचे फलकावर बघा. दिवस *परिपूर्ण* अर्ज मिळाल्यापासून मोजतात, म्हणून सेतू केंद्रातून बाहेर पडण्याआधी स्कॅन वाचता येतात का ते स्क्रीनवर पाहून घ्या. अंधुक रेशन कार्ड म्हणजे परत आलेला अर्ज.

मुदत संपली किंवा अर्ज फेटाळला की 30 दिवसांत प्रथम अपील, सबळ कारण असेल तर 90 दिवसांपर्यंत. ते 30 दिवसांत निकाली निघालं पाहिजे. आदेशानंतर 30 दिवसांत द्वितीय अपील, आदेशच आला नाही तर प्रथम अपील केल्यापासून 45 दिवसांनी. त्यापुढे 60 दिवसांत सेवा हक्क आयोग, प्रत्येक महसुली विभागासाठी एक आयुक्त असतो. दोषी पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो, तोही स्वतःच्या खिशातून. रक्कम मोठी नाही, पण ती सेवेच्या नोंदीत डोकावते, आणि भीती त्याचीच असते.

वेळ साधणं

एप्रिल-मे हा बदल्यांचा काळ. विलंब कायद्यानेच साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा धरला आहे आणि सर्वसाधारण बदल्या याच दोन महिन्यांत होतात. मार्चअखेर वसुली, मग बदल्या. नवीन माणूस आला की "मला चार्जमध्ये ही फाईल मिळाली नाही" हे वाक्य ठरलेलं. मे महिन्यात तुमची फाईल अर्धी असेल तर एक ओळीचा अर्ज द्या की ती प्रभार यादीत (चार्ज देताना करतात त्या यादीत) नमूद करावी, आणि जूनमध्ये यादीची प्रत मागा. अतिवृष्टीचे पंचनामे चालू असताना तलाठी सज्जात (त्याच्या ठरलेल्या गावांच्या कार्यालयात) भेटणारच नाही, त्या पंधरवड्यात दबाव टाकण्यात अर्थ नाही. बिचाऱ्याकडे दोन-तीन सज्जे असतात, हेही लक्षात असू द्या. चिडण्यापेक्षा तारीख लिहून घेतलेली बरी.

जिल्हाधिकारी कार्यालयाचा लोकशाही दिन, म्हणजे तक्रारी ऐकण्याचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात द्यावा लागतो. त्या दिवशी कागद घेऊन नुसतं रांगेत उभं राहिलं तर परत पाठवतात. न्यायप्रविष्ट, माहिती अधिकाराची आणि कर्मचाऱ्यांच्या सेवेची प्रकरणं तिथं घेत नाहीत.

पैसे मागितले तर

देऊ नका आणि तिथं वादही घालू नका. "उद्या आणतो" म्हणून बाहेर या आणि 1064 वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन करा. विभाग आधी मागणीची पडताळणी करतो, पंच घेतो, मग सापळा लावतो. नोटांना पावडर लावलेली असते, म्हणून त्या नोटा मध्येच दुसऱ्याच्या हातात देऊ नका. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका आहे. "दिले एकदाचे आणि काम केलं" म्हणणाऱ्याने आठव्या दिवशी तक्रारीला जाऊ नये, आधी वकिलाला विचारावं.

शेवटी एक गल्लत. रेल्वेचा नांदेड विभाग, पोस्ट, भविष्य निर्वाह निधी, राष्ट्रीयीकृत बँका यांना वरचा विलंब कायदा आणि लोकसेवा हक्क लागू नाही, ते केंद्राखाली येतात. त्यांच्याबद्दल जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देऊन काही होत नाही. माहिती अधिकार मात्र तिथंही तोच, फक्त अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे दिल्लीला जातं आणि दहा रुपयांसाठी कोर्ट फी तिकिटाऐवजी पोस्टल ऑर्डर लावा. तक्रारीसाठी केंद्राचं सीपीग्राम्स पोर्टल आहे. नोंदणी क्रमांक मिळाला की तो पोचेसारखाच जपून ठेवा.